वादळात छपरावर झाड पडल्यास : बेळगाव सीमाभागातील घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि हुक्केरी या भागांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आपल्याकडे झाडे पडण्याचे दोन हंगाम आहेत. एप्रिल-मेमध्ये वळवाचा वारा अचानक सुटतो आणि वाळलेल्या, पोकळ झालेल्या फांद्या मोडून आणतो. पावसाळ्यात, विशेषतः कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात, माती आठवडेच्या आठवडे भिजून मुळांची पकड सुटते आणि उभे झाड मुळासकट आडवे होते. वळवात पडझड झाली तर मृगापूर्वी दुरुस्ती करण्यास थोडे दिवस हाताशी असतात, पावसाळ्यात तेही नसतात. ज्यांच्या घरावर या क्षणी झाड पडलेले आहे, त्यांनी प्रश्न १, २ आणि ५ आधी वाचावेत. बाकीचे सावकाश वाचले तरी चालेल.

१. छपरावर आत्ताच झाड पडले आहे. सर्वांत आधी काय करावे?

घरातील माणसे आणि गोठ्यातील जनावरे झाड पडलेल्या भागापासून दूरच्या दाराने बाहेर काढावीत. पायाखाली पाणी नसेल आणि हात कोरडे असतील तरच मेन स्विच बंद करावा. वाट सुरक्षित असेल तर गॅस सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद करावा. कोणी आत अडकले असल्यास ११२ वर आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर कळवावे. त्यानंतर कागदपत्रे किंवा दागिने काढण्यासाठी पुन्हा आत जाण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा. पहिल्या धक्क्यात तगलेला वासा पुढेही तगेल, असे गृहीत धरता येत नाही. पानांवर पावसाचे पाणी साठत जाते, झाड हळूहळू बसत जाते आणि तासा-दोन तासांनी तोच वासा मोडू शकतो. बाहेर सुरक्षित अंतरावर उभे राहून घराचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. त्यांत झाडाचे उघडे पडलेले मूळ, मोडलेले छप्पर आणि घराचा क्रमांक किंवा ओळख पटेल असा दर्शनी भाग स्पष्ट दिसला पाहिजे. पुढे पंचनामा आणि विमा या दोन्हींसाठी याच फोटोंचा आधार असतो.

२. गावातील वीज गेलेलीच आहे. मग तारेची भीती बाळगण्याचे कारण काय?

वीज कोणत्याही क्षणी परत येऊ शकते. शिवाय शेजारच्या घरात जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीच्या पद्धतीने जोडलेला असेल, तर बंद वाटणाऱ्या तारेतही प्रवाह असू शकतो. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर फांद्यांत गुंतलेली असेल, तर ओल्या फांदीला किंवा पत्र्याला हात लावू नये. हेस्कॉम या वीजपुरवठा कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा आणि लाइनमनने वीज तोडल्याचे समक्ष सांगितल्याखेरीज झाडावर कोयता चालवू नये. ज्यांच्या छपरावर सौर पॅनेल आहेत, त्यांनी अधिक जपावे, कारण मेन स्विच बंद केला तरी उजेड असेपर्यंत पॅनेल वीज तयार करतच राहते. फुटलेल्या पॅनेलला हात न लावता ते बसवणाऱ्या तंत्रज्ञालाच बोलवावे.

३. पडलेले झाड तोडण्यासाठी परवानगी लागते का?

कर्नाटक वृक्ष संरक्षण अधिनियम, १९७६ नुसार झाड तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. हे काम वनखात्याकडे असते. मात्र झाड वाऱ्याने पडलेले असेल, मेलेले असेल किंवा त्याच्यामुळे जीविताला वा मालमत्तेला धोका असेल, तर अशी परवानगी नाकारता येत नाही, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. त्यामुळे व्यवहारात पुढीलप्रमाणे वागणे योग्य ठरते. माणसांना धोका पोचवणाऱ्या फांद्या फोटो काढून लगेच उतरवाव्यात, त्याच दिवशी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी आणि मुख्य खोड उतरवल्यानंतर अंगणातच ठेवावे. चंदन, साग किंवा शिसव असेल तर खात्याचा माणूस पाहून जाईपर्यंत खोडाचे तुकडेही करू नयेत. लाकूड विकणे किंवा गाडीत घालून हलवणे हा वेगळा विषय आहे. त्याविषयी प्रश्न १८ पाहावा.

४. जेसीबी बोलावून झाड ओढून काढले तर चालेल का?

ओढून काढू नये. मी पाहिलेल्या नुकसानीपैकी बरेचसे झाड पडल्यामुळे झालेले नव्हते. ते झाड ओढल्यामुळे झालेले होते. फांद्या रिपांमध्ये, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांमध्ये, अडकलेल्या असतात. खोड ओढले की त्या नांगरासारख्या फिरतात आणि दोन वाशांचे नुकसान सहा वाशांचे होते. मातीच्या किंवा जांभ्या दगडाच्या भिंतीचा माथाही त्या ओढीने सरकतो.

काम आतून सुरू करावे. प्रथम ज्या तुळईवर किंवा वाशांवर भार आला आहे, त्यांना खालून भक्कम टेकू द्यावेत. टेकूखाली फळी घालावी, म्हणजे तो शेणाच्या जमिनीत रुतणार नाही. मग शिडीवरून, छपरावर पाय न देता, बाहेरच्या टोकाकडील बारीक फांद्या दोन्ही बाजूंनी समान कमी करीत यावे. एकाच बाजूच्या फांद्या काढल्या तर खोड घरंगळते. खोड शेवटी, दोन-दोन हातांचे तुकडे करून, दोर बांधून खाली सोडावे. क्रेन मिळत असेल तर तिने खोड उभे उचलावे.

एक धोका फार लोकांना ठाऊक नसतो. मुळासकट उन्मळलेल्या झाडाचे खोड कापताच बुंधा मातीच्या गड्ड्यासह झटक्याने पुन्हा खड्ड्यात उभा राहू शकतो. त्या खड्ड्याजवळ मुलांनाच काय, मोठ्यांनाही उभे राहू देऊ नये. वाकून ताणलेली फांदीसुद्धा अशीच उसळी घेते, म्हणून यंत्रकरवत चालवण्याचा सराव असलेल्या माणसाकडूनच हे काम करून घ्यावे.

५. पंचनामा होईपर्यंत घर तसेच उघडे ठेवावे काय? ताडपत्री घातली तर मदत नाकारतील अशी भीती वाटते.

घर उघडे ठेवू नये. तात्पुरते झाकल्यामुळे मदतीचा हक्क जात नाही आणि विमा कंपनीचीही अपेक्षा हीच असते की मालकाने पुढील नुकसान टाळावे. ताडपत्री घालण्यापूर्वीचे आणि घातल्यानंतरचे, असे दोन्ही फोटो काढावेत. मोडलेले वासे, फुटलेली कौले आणि पत्र्यांचे तुकडे फेकून न देता एका बाजूला रचून ठेवावेत. पंचनामा करणाऱ्यांना ते दाखवता येतात.

ताडपत्री केवळ भोकावर पसरली तर वरून येणारे पाणी तिच्याखाली शिरते. तिचे वरचे टोक आढे (छपराचा सर्वांत उंच कणा) ओलांडून पलीकडच्या पाख्यावर, म्हणजे उतरत्या बाजूवर, किमान तीन-चार फूट गेले पाहिजे आणि खालचे टोक वळचणीच्या बाहेर आले पाहिजे. ती खिळ्यांनी ठोकू नये आणि तिच्यावर सुटे दगडही ठेवू नयेत, कारण वाऱ्याने ते खाली येतात. वाळूची दोन पोती दोराने एकमेकांना बांधून आढ्याच्या दोन बाजूंना खोगिरासारखी सोडावीत. अशा जोड्या चार-पाच फुटांवर घातल्या तर तरणा आणि म्हातारा पाऊसही निभावतो.

६. पंचनामा कोण करतो आणि अर्ज कोठे द्यावा? अर्ज मराठीत दिलेला चालतो का?

खेड्यात तलाठी (ज्यांना आता ग्राम आडळित अधिकारी म्हणतात) आणि ग्रामपंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) यांना त्याच दिवशी कळवावे. अर्ज तहसीलदारांच्या नावे लिहून नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात) किंवा तहसील कार्यालयात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. बेळगाव शहरात महानगरपालिकेलाही आणि इतर गावांत तेथील नगर संस्थेलाही प्रत द्यावी. नुकसानीची टक्केवारी ठरवण्यासाठी अभियंत्याची पाहणी होते, त्या वेळी घरातील जाणते माणूस हजर असावे. पंचनाम्यात कारण म्हणून केवळ 'घर पडले' असे न लिहिता 'वादळी वाऱ्याने झाड पडून छपराचे नुकसान' असे लिहिले आहे ना, हे वाचून किंवा वाचून घेऊनच सही करावी. कागद कन्नडमध्ये असेल आणि आपल्याला वाचता येत नसेल, तर वाचणाऱ्या शेजाऱ्याला सोबत ठेवावे. सही करण्याची घाई करू नये.

भाषेविषयी राज्यघटनेचे अनुच्छेद ३५० स्पष्ट आहे. आपली गाऱ्हाणी दूर व्हावीत म्हणून संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. मराठीतील अर्ज त्यामुळे देता येतो आणि तो आपला हक्क आहे. तरीही छप्पर उघडे असताना दिवस महत्त्वाचे असतात, म्हणून मराठी अर्जासोबत त्याच मजकुराची कन्नड प्रत जोडावी, असा माझा सल्ला आहे. ती प्रत जोडल्याने हक्क कमी होत नाही आणि टेबलावर कागद अडून राहत नाही.

७. सरकारी मदत किती मिळते?

केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, तेवढेच नुकसान झालेल्या कच्च्या घराला ४,००० रुपये, झोपडीला ८,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये, असे आकडे आहेत. घर पूर्ण उद्ध्वस्त झाल्यास सपाट प्रदेशात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये धरले आहेत. राज्य सरकार आपल्या आदेशाने यात भर घालू शकते आणि कर्नाटकाने २०१९ च्या महापुरानंतर तशी भर घातलीही होती. म्हणून त्या वर्षीचा चालू आदेश तहसील कार्यालयात विचारून घ्यावा.

या आकड्यांवरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. अंशतः मोडलेल्या छपराचा पूर्ण खर्च या रकमेतून निघत नाही. ती आधाराची रक्कम आहे. दोन वासे आणि पन्नास कौले एवढेच नुकसान असेल तर १५ टक्क्यांची अट बहुधा पुरी होत नाही. दुसरी अट अशी की घर अधिकृत असले पाहिजे. ग्रामपंचायतीत नोंद नसलेल्या वाढीव पडवीवर झाड पडले, तर अडचण येऊ शकते.

८. घर अजून आजोबांच्या नावावर आहे. मदत कोणाला मिळेल?

ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर मृत व्यक्तीचे नाव असेल तर रक्कम अडून राहण्याची शक्यता असते. पंचनाम्याचा अर्ज मात्र त्यासाठी थांबवू नये. घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या वारसाने आपल्या नावे अर्ज करावा, मृत्यूचा दाखला व वंशावळ जोडावी आणि पुण्या-मुंबईला असलेल्या भावांची लेखी संमती मागवून घ्यावी. वारसा नोंदीचे म्हणजे पौती खात्याचे काम त्याच वेळी सुरू करावे. हे काम शांत दिवसांतच करून ठेवायचे असते, हे आमच्या वाड्यावरच्या चार घरांना वादळानंतर कळले.

९. घराचा विमा आहे. झाड पडल्याचे नुकसान त्यात धरतात का?

१ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. तिच्यात वादळाने होणारे नुकसान आहेच, शिवाय बाहेरची वस्तू आदळून होणारे नुकसानही आहे आणि तेथे पडणाऱ्या झाडाचा उल्लेख स्पष्टपणे केलेला आहे. म्हणून वारा नसताना, निव्वळ मूळ कुजून झाड पडले तरी दावा करता येतो. सरकारी मदतीचे तसे नाही, तेथे नैसर्गिक आपत्तीच असावी लागते. मोडतोड हलवण्याचा वाजवी खर्चही दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो.

ज्यांनी गृहकर्ज घेतले आहे, त्यांनी बँकेत अवश्य विचारावे. कर्जासोबत विमा काढलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो, असे वारंवार दिसते. कंपनीला लगेच कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत कायमची दुरुस्ती सुरू करू नये. तात्पुरत्या उपायांसाठी प्रश्न ५ पाहावा. पॉलिसी काढताना भिंती मातीच्या आहेत की विटांच्या, छप्पर कौलांचे आहे की गवताचे, हे खरे तेच लिहावे.

१०. वासे खालून सरळ दिसतात. तरी ते काढून पाहावेत का?

सर्व वासे काढण्याची गरज नसते, परंतु प्रत्येक वासा तपासण्याची गरज असते. आमच्या मागच्या पडवीवर फणसाची मांडीएवढी फांदी पडली होती. खालून पाहता एकच वासा मोडलेला दिसत होता. सुतारांनी बॅटरीचा उजेड वाशाच्या अंगाला चिकटवून तिरका टाकला, तेव्हा शेजारच्या वाशावर गाठीजवळ केसाएवढी भेग दिसली. हातोडीच्या दांड्याने ठोकले, तर इतर वासे खणखणीत वाजत होते आणि हा एकटा बद्द वाजला. नखाने भेगेत चाचपले तेव्हा आतून भुसा आला, म्हणजे वाळवी आधीच लागलेली होती. तो वासा तसाच ठेवून कौले चढवली असती, तर पहिल्या मोठ्या पावसात भिजलेल्या कौलांच्या वजनाने तो बसला असता.

तपासण्याची रीत सोपी आहे. आढ्याच्या दोन टोकांना सुतळी ताणून बांधावी आणि मधे आढे किती उतरले आहे ते पाहावे. वासे भिंतीवर जेथे टेकतात, तेथे ते बाहेर सरकले आहेत का आणि भिंतीच्या माथ्याला आडवी चीर गेली आहे का, ते पाहावे. ओळंबा सोडून भिंत झुकली असल्याचे दिसले, तर छपराआधी भिंतीचे काम करावे लागते. वासा मधोमध तुटला असेल तर तो बदलावा. भेग लहान असेल आणि लाकूड निरोगी असेल, तर दोन्ही अंगांना त्याच जाडीची लाकडे लावून बोल्टने आवळता येते. हे जोड भेगेच्या पुढे-मागे किमान दोन-दोन फूट गेले पाहिजेत. नुसते खिळे मारलेला जोड वाऱ्याच्या हेलकाव्याने सैल होतो.

११. नवी मंगळूरी कौले आणली, पण ती जुन्यांत बसत नाहीत. असे का होते?

मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यापासून या नमुन्याची कौले अनेक ठिकाणी तयार होऊ लागली. आपल्याकडे खानापूरच्या मातीचीही कौले घरोघरी आहेत. सगळी 'मंगळूरी' म्हणून ओळखली जात असली तरी प्रत्येक कारखान्याच्या साच्यात खाचेची रुंदी आणि लांबी थोडी वेगळी असते. अर्ध्या इंचाचा फरकसुद्धा चार ओळींत दोन इंचांचा होतो आणि खाच खाचेत न बसल्याने पाणी आत येते.

म्हणून दुकानात जाताना एक अखंड जुने कौल पिशवीत घालून न्यावे. त्याच्या पाठीवरचा शिक्का पाहावा आणि शक्यतो त्याच कारखान्याचे कौल शोधावे. गावात कोणी जुने घर उतरवत असेल, तर तेथील वापरलेली कौले नव्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात. तरीही जुळली नाहीत, तर मिसळ करू नये. एका पाख्यावरची शाबूत कौले उतरवून दुसऱ्या पाख्याची भरपाई करावी आणि नवी सगळी कौले रिकाम्या केलेल्या पाख्यावर सलग लावावीत. रिपांचे अंतर त्या नव्या कौलावरून ठरवावे. अंदाजासाठी एका चौरस मीटरला साधारण १५ कौले धरावीत आणि फुटतुटीसाठी थोडी जास्त आणावीत.

लावणी वळचणीकडून आढ्याकडे करावी. वळचणीच्या आणि कडेच्या ओळींतील कौलांना पाठीच्या भोकातून तार ओवून रिपेला बांधावे, कारण वारा याच ओळी प्रथम उचलतो. काचेचे कौल फुटले असेल तर त्याच्या जागी पुन्हा काचेचेच लावावे. पत्र्याच्या तुकड्याने ती जागा बुजवली की स्वयंपाकघर कायमचे अंधारते.

१२. एवीतेवी छप्पर मोडलेच आहे. सगळी कौले काढून पत्रा घालावा का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याचे उत्तर मी मनापासून देतो. वासे शाबूत असतील तर घालू नये. कौलारू छप्पर तुकड्या-तुकड्याने दुरुस्त होते. एक कौल फुटले तर एकच बदलावे लागते आणि उरलेले छप्पर आपल्या नातवंडांपर्यंत टिकते. एप्रिलच्या उन्हात कौलांखाली झोप लागते, पत्र्याखाली लागत नाही. मुसळधार पावसात पत्र्याखाली बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारचे बोलणे ऐकू येत नाही.

तथापि काही घरांत पत्राच योग्य ठरतो. वासे वाळवीने पोखरलेले असतील आणि नव्या लाकडाचा खर्च झेपत नसेल, किंवा दरवर्षी माकडे कौले फोडत असतील आणि ती परतायला घरात तरुण माणूस उरलेले नसेल, तर लोखंडी सांगाड्यावर पत्रा घालण्यात काही चूक नाही. मात्र कौलांसाठीच्या जुन्या वाशांवर पत्रे नुसते ठोकू नयेत. कौले आपल्या वजनाने छप्पर दाबून ठेवतात, पत्रा हलका असल्याने वारा त्याला खालून उचलतो. म्हणून सांगाडा भिंतीत बोल्टने पक्का धरलेला असावा लागतो.

१३. सिमेंटचा पत्रा फुटला आहे. तुकडा लावून चालेल का?

तडा बारीक असेल तर एका पावसाळ्यापुरता लेप चालतो. आरपार फुटला असेल तर पूर्ण पत्रा बदलावा. जुन्या सिमेंट पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते आणि ते कोरडे फोडताना किंवा कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. तुकडे पाणी मारून ओले करावेत, तोंडाला चांगला मास्क लावावा, घासू किंवा झाडू नये आणि चुरा पोत्यात बांधून ठेवावा. तो परसात किंवा रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून टाकू नये.

अशा छपरावर कधीही थेट पाय देऊ नये. सांगाड्यावर टेकलेली लांब फळी टाकून तिच्यावरूनच जावे. वादळानंतरच्या दुरुस्तीत जिवावर बेतणारे अपघात येथेच होतात, वरून अखंड दिसणारा पत्रा पायाखाली फुटतो आणि माणूस खालच्या फरशीवर येतो. नवा पत्रा बसवताना भोक लाटेच्या माथ्यावर पाडावे, खळग्यात नव्हे. उभ्या जोडात किमान सहा इंच पत्रा पत्र्यावर यावा. जे-हुकाखाली डांबरी वायसर घालावा आणि नट पत्रा कडकडेपर्यंत आवळू नये. मोसमी वारा नैऋत्येचा असल्याने बाजूच्या जोडाचे तोंड त्या दिशेला येणार नाही, अशी लावणी करावी.

१४. स्लॅबच्या घरावर झाड पडले. भेग दिसत नाही, मग काही करावे का?

कठडा, पाण्याची टाकी आणि जिन्याचे टोपडे प्रथम पाहावे. स्लॅब खालून हातोडीने हलके ठोकून पोकळ आवाज येतो का, ते ऐकावे. आदळलेल्या जागेखाली तुळईजवळ तिरकी भेग, किंवा सळई उघडी पडलेली दिसली, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय त्या खोलीत झोपू नये. केसाएवढ्या भेगांवर पेन्सिलीने टोकाला खूण करून तारीख लिहावी. महिन्याभरात भेग खुणेपुढे गेली, तर ती वाढते आहे.

१५. भर पावसाळ्यात कायमची दुरुस्ती करावी की दिवाळीपर्यंत थांबावे?

मोडलेले वासे आणि टेकू यांचे काम उघडीप मिळताच करावे. ते थांबण्यासारखे नसते. कौले चढवणेही चालते, फक्त शेवाळलेल्या ओल्या पाख्यावर चढू नये. गिलावा, आढ्याच्या कौलांखालचे सिमेंटचे काम आणि भिजलेल्या मातीच्या भिंतीची डागडुजी मात्र पाऊस सरल्यावर करावी. ओल्या भिंतीवर सिमेंटचा थर दिला तर आतली ओल आतच राहते आणि भिंत फुगून सुटते.

१६. शेजाऱ्याचे झाड आमच्या घरावर पडले. भरपाई त्याने द्यावी का?

झाड निरोगी होते आणि अभूतपूर्व वाऱ्याने पडले, तर शेजाऱ्याला जबाबदार धरणे कठीण असते. झाड वाळलेले किंवा पोखरलेले होते, ते धोकादायक असल्याचे आपण त्याला आधी लेखी कळवले होते आणि तरीही त्याने काही केले नाही, तर निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागता येते. सारा भर त्या लेखी कळवण्यावर असतो, म्हणून तोंडी सांगून थांबू नये. धोका उभा असतानाच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पडण्याच्या बेतात असलेले झाड काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश ते देऊ शकतात. रस्त्याकडेच्या किंवा सरकारी जागेतील झाडासाठीही त्या-त्या खात्याला असेच लेखी कळवून पोच जपून ठेवावी. गावगाड्यात आधी पंचांसमोर बोलणे होते आणि ते बरेही असते, फक्त जे ठरेल ते कागदावर आणून दोघांनी सह्या कराव्यात.

१७. आम्ही भाड्याने राहतो. दुरुस्ती कोणी करायची?

करारात वेगळे लिहिलेले नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ लागू पडते. मालकावर दुरुस्ती बंधनकारक असेल आणि सूचना देऊनही त्याने वाजवी वेळेत ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वादळामुळे घराचा महत्त्वाचा भाग कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेकरूला करार संपवण्याचाही पर्याय असतो. खर्चाच्या पावत्या आणि सूचनेची प्रत जपावी. घरातील सामानाचा विमा मात्र भाडेकरूनेच काढायचा असतो.

१८. पडलेल्या झाडाचेच लाकूड कापून वासे केले तर चालेल का? जवळची लाकूड कापण्याची गिरण चंदगड तालुक्यात आहे.

आपल्याच जागेतील फणस किंवा आंबा असेल आणि प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे वनखात्याला कळवलेले असेल, तर घरगुती वापर करता येतो. परंतु ओले लाकूड त्याच महिन्यात वासा म्हणून चढवू नये. ते वाळताना पिळते, रिपा उचलल्या जातात आणि कौलांच्या खाचा उघडतात. कापून, सावलीत, मधे फटी ठेवून रचून ते पुढच्या उन्हाळ्यासाठी राखावे. निलगिरीचा वासा सरळ दिसतो, पण तो फार तडकतो. तो टेकूसाठी ठीक आहे.

गिरण चार मैलांवर असली तरी मधे राज्याची सीमा आहे. लाकडाच्या वाहतुकीला परवाना लागतो आणि महाराष्ट्रात शिरताच तेथील नियम लागू होतात. परवान्याशिवाय ट्रॉली भरली तर लाकूडही जाते आणि गाडीही अडकते. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतील गावांसाठी नियम अधिक कडक आहेत. तेथे जंगलातील झाड घरावर पडले, तरी त्याची फांदीसुद्धा वनखात्याच्या परवानगीवाचून उचलू नये. अशा घरमालकांनी झाड खात्याकडूनच उतरवून घ्यावे आणि उतरवताना छपराचे आणखी काही मोडले, तर त्याचा वेगळा उल्लेख पंचनाम्यात करून घ्यावा.